विटा, उचल आणि मोशेची चाळीस वर्षं

आजचं वाचन : निर्गम अध्याय १ ते ६. वेळ असेल तर अनुवाद अध्याय १५ आणि ३४ पण वाचा.



आजचं मनन नेहमीसारखं घरी टेबलावर बसून लिहिलेलं नाही. शनिवार, ऑफिसला सुट्टी. सकाळी स्वारगेटवरून वेल्ह्याची एसटी पकडली. नशिबाने खिडकीची जागा मिळाली. चेलाडी फाट्याला गाडी हायवे सोडून आत वळली आणि पाऊस सुरू झाला. विंझरच्या पुढे तोरणा दिसायला हवा होता, पण तो पूर्ण ढगात. खाचरांत भाताची लावणी कधीच होऊन गेलेली, सगळीकडे हिरवंगार. आता सरकारी कागदावर राजगड तालुका लिहितात, पण आमच्या तोंडात अजून वेल्हंच आहे.

मोबाईलमध्ये निर्गम उघडलं. खरं सांगू का, हे सहा अध्याय मी दोन वर्षं टाळले. वाचनाच्या क्रमात ते आले की मी स्तोत्रसंहितेवर काहीतरी लिहून मोकळा व्हायचो. तुमच्यापैकी एकदोघांनी विचारलं पण होतं की निर्गम कुठे गेलं. आज कारण सांगतो. पण आधी मोशे.

मोशेचा जन्म झाला तेव्हा इब्री लोक मिसर देशात गुलाम होते. ते गुलाम म्हणून तिथे गेलेले नव्हते, हे लक्षात ठेवा. याकोबाचं घराणं दुष्काळात धान्यासाठी मिसरात उतरलं होतं. उत्पत्तीच्या ४७ व्या अध्यायात तर खुद्द मिसरी शेतकरीसुद्धा धान्यासाठी आधी पैसे, मग जनावरं, मग जमीन आणि शेवटी स्वतःला फारोच्या हवाली करतात. पोट रिकामं असलं की माणूस स्वतःला गहाण टाकतो, ही गोष्ट पवित्र शास्त्र मोशेच्या जन्माच्या कितीतरी आधी सांगून ठेवतं.

मग योसेफाला न ओळखणारा राजा आला. इब्री लोकांची संख्या वाढली म्हणून तो घाबरला. त्याने त्यांच्यावर मुकादम बसवले, पिथोम आणि रामसेस ही कोठारांची नगरं त्यांच्याकडून बांधून घेतली. तरी लोक वाढतच होते, तेव्हा त्याने जन्मणारा प्रत्येक मुलगा मारायचा हुकूम सोडला. शिप्रा आणि पुवा नावाच्या दोन सुइणींनी तो हुकूम पाळला नाही. बघा, शास्त्राने या फारोचं नाव दिलेलं नाही, सुइणींची नावं मात्र दिली आहेत.

मोशेच्या आईने त्याला तीन महिने लपवला. मग लव्हाळ्याच्या पेटीला डांबर लावून, बाळाला त्यात ठेवून ती पेटी नदीकाठच्या लव्हाळ्यात सोडली. बहीण लांबून बघत उभी राहिली. पेटी सापडली फारोच्याच मुलीला. त्या बहिणीने मोठ्या हुशारीने दाई आणून देते म्हणून सांगितलं आणि आणली कोणाला, तर बाळाच्या सख्ख्या आईला. स्वतःचं मूल दूध पाजून वाढवायचा तिला पगार मिळाला! पुढे मोशे राजवाड्यात गेला. अंगावर मिसरी कपडे, पण आपली माणसं कोण हे त्याला ठाऊक होतं.

मोठा झाल्यावर तो एकदा त्यांचे कष्ट बघायला बाहेर पडला. एक मिसरी माणूस एका इब्री मजुराला मारत होता. मोशेने इकडेतिकडे पाहिलं, कोणी नाही असं बघून त्या मिसऱ्याला ठार केलं आणि वाळूत पुरलं. दुसऱ्या दिवशी दोन इब्री आपसात भांडत होते. तो सोडवायला गेला, तर त्यातल्या एकाने उलट त्यालाच सुनावलं की तुला आमच्यावर अधिकारी कोणी नेमलं, कालच्यासारखं आता मलाही मारणार का. मोशे घाबरला. बातमी फारोपर्यंत गेली आणि मोशे पळाला, थेट मिद्यानात.

इथेच मी दोन वर्षं अडकलो होतो.

त्याआधीच्या जूनमध्ये आमच्या तरुणांच्या गटाने वेल्ह्याच्या बाजूला एका कातकरी वाडीवर वह्या वाटल्या होत्या. तिथे एका कुटुंबाशी ओळख झाली. नावं सांगत नाही, जागाही नाही. त्यांच्याकडून मला वीटभट्टीचा हिशेब कळला. पावसाळ्यात घरात धान्य संपतं. गणपतीच्या आसपास मुकादम येतो आणि उचल देतो. त्या वर्षी वीस हजार घेतले होते. दिवाळीनंतर सगळं घर भट्टीवर जातं. पहाटे उठून गारा मळायचा, साच्याने विटा थापायच्या, उलटायच्या, रचायच्या. मोबदला हजार विटांवर. आठवड्याला खर्चीला थोडे पैसे मिळतात, तेही उचलीत धरले जातात. पावसाच्या तोंडावर हिशेब होतो. नवरा, बायको आणि दोन मुलं सहा महिने राबली, तरी अंगावर आठ हजार बाकी निघाले. ते पुढच्या वर्षीच्या उचलीत.

माझं डोकं फिरलं. पुढच्या फेब्रुवारीत दोन मित्रांना घेऊन बाईकवर भट्टीवर गेलो. मुकादमाशी जोरात भांडलो, व्हिडिओ काढला, रात्री टाकून दिला. भरपूर लाईक आले. आपण प्रभूसाठी काहीतरी केलं असं वाटत होतं.

त्याच रात्री त्या कुटुंबाला भट्टीवरून हाकललं. हिशेब नाही, तीन महिन्यांची मजुरी नाही, भांडीसुद्धा तिथेच राहिली. त्या मावशींनी मला नंतर एवढंच सांगितलं की तू परत आमच्याकडे येऊ नको. आणि त्याच वर्षी दिवाळीनंतर ते कुटुंब दुसऱ्या भट्टीवर गेलं, आधीपेक्षा मोठी उचल घेऊन. मला त्यांचाच राग आला. एवढं केलं आणि परत तिथेच! मग मीसुद्धा मिद्यानात निघून गेलो. माझं मिद्यान म्हणजे ऑफिस, घर आणि रोज सकाळी तुमच्यासाठी लिहिलेली सुरक्षित मननं.

मोशे मिद्यानात किती वर्षं होता? प्रेषितांच्या कृत्यांच्या ७ व्या अध्यायाप्रमाणे चाळीस. तिथे त्याने इथ्रो याजकाच्या मुलीशी, सिप्पोराशी लग्न केलं, मुलगा झाला आणि सासऱ्याची मेंढरं राखली. राजवाड्यात वाढलेला माणूस दुसऱ्याची मेंढरं घेऊन रानात. मी हा भाग नेहमी वाया गेलेली वर्षं म्हणून वाचायचो. आज बसमधून ढगातला डोंगर बघताना वेगळं सुचलं. या डोंगरांत वर धनगरवाडे आहेत. कुठला झरा कधी आटतो, धुक्यात वाट कशी शोधायची, लंगडणारं जनावर मागे राहिलं तर कळपाने किती हळू चालायचं, हे त्या माणसांना विचारा. मोशे हेच शिकत होता. होरेब डोंगराच्या ज्या रानात तो मेंढरं चारत होता, त्याच रानातून पुढे त्याला अख्खं राष्ट्र न्यायचं होतं. शाळेची फी म्हणून चाळीस वर्षं गेली.

मग ते जळणारं आणि तरी भस्म न होणारं झुडूप. देव त्याच्याशी बोलला. आपण आपल्या लोकांचं दुःख पाहिलं आहे, त्यांचं ओरडणं ऐकलं आहे आणि आता तुला पाठवतो, असं सांगितलं. मोशेने किती सबबी सांगितल्या ते मोजा. मी कोण? तुझं नाव काय सांगू? ते विश्वास ठेवणार नाहीत. मला बोलता येत नाही, जीभ जड आहे. आणि शेवटी, दुसऱ्या कोणालातरी पाठव. पूर्वी न विचारता धावलेला माणूस आता पाठवलं तरी जायला तयार नाही. हार खाल्लेल्या माणसाची भीती अशीच असते. देव रागावला, पण त्याला सोडलं नाही. भाऊ अहरोन सोबत दिला. फारोपुढे उभा राहिला तेव्हा मोशे ऐंशी वर्षांचा होता आणि अहरोन त्र्याऐंशीचा.

आणि काय झालं? पहिल्याच भेटीत सगळं बिघडलं. फारोने विटांसाठी लागणारा पेंढा देणं बंद केलं. पेंढा तुम्ही शोधून आणा, विटा मात्र रोज तेवढ्याच पाडा. मातीत पेंढा घातला नाही तर वीट वाळताना तडकते. आमच्याकडच्या भट्ट्यांवर मातीत भाताचं तूस मिसळतात, काम तेच. म्हणजे लोक दिवसभर रानात काड्या वेचणार आणि रात्री आकडा भरला नाही म्हणून मार खाणार. इब्री नायकांना मार पडला. ते बाहेर आले आणि त्यांनी मोशेलाच दोष दिला, की तुझ्यामुळे आमच्या हाल-अपेष्टा वाढल्या.

हे वाचताना माझ्यासमोर त्या मावशी उभ्या राहिल्या.

पण या वेळी मोशे पळाला नाही. तो देवाकडे परत गेला आणि सरळ तक्रार केली, की तू मला का पाठवलंस, लोकांचे हाल तर वाढले. देवाने आपलं वचन पुन्हा सांगितलं. मोशेने ते लोकांना जाऊन सांगितलं. आणि सहाव्या अध्यायाच्या ९ व्या वचनात येतं की लोकांनी ऐकलंच नाही, कारण कठीण गुलामीने त्यांचं मन खचून गेलं होतं. शास्त्र त्यांना अविश्वासू म्हणून झोडपत नाही. थकलेत म्हणतं. दोन वर्षांपूर्वी मला हे वचन दिसलं असतं तर मी त्या घरावर रागावलो नसतो.

पुढचं तुम्हाला रविवारच्या शाळेपासून पाठ आहे. दहा पीडा, वल्हांडणाची रात्र, कोकऱ्याचं रक्त दाराच्या चौकटीला, घाईत केलेली बेखमीर भाकर, तांबडा समुद्र दुभंगला, मिर्याम डफ घेऊन नाचली. पण त्या रात्रीतली एक गोष्ट आपण पटकन ओलांडून जातो. निघताना इस्राएल लोकांनी मिसरी शेजाऱ्यांकडून चांदी, सोनं, कपडे मागून घेतले आणि त्यांना ते मिळाले. पिढ्यान्‌पिढ्या राबलेली माणसं रिकाम्या हाताने निघाली नाहीत.

आणि मी काय केलं होतं? त्यांना रिकाम्या हाताने रात्री रस्त्यावर आणलं होतं.

समुद्र ओलांडायला एक रात्र पुरली. त्यानंतरची चाळीस वर्षं मोशेच्या आयुष्याचा खरा कस होता. पाणी कडू लागलं, कुरकुर. भाकर नाही, कुरकुर. मान्ना मिळाला, तर त्याचाही कंटाळा. मिसरातली मासळी, काकड्या, कांदे, लसूण आठवून लोक रडले. आपण हसतो त्यांना. पण विचार करा, गुलामीत का होईना, उद्या खायला मिळेल ही खात्री होती. उचलीत तीच खात्री असते. श्रावणात डब्यात तांदूळ नसतो तेव्हा वीस हजार रोख हातावर ठेवणारा मुकादम हा त्या घराचा एकमेव सावकार, बँक आणि रेशन दुकान असतो. १९७६ च्या कायद्याने देशात वेठबिगारी बंद झाली, त्यातलं कर्जही रद्द ठरवलं. कायदा हवाच. पण तो डबा कोण भरणार?

मोशेने याचं उत्तर दोन प्रकारे शोधलं. पहिलं, सासऱ्याकडून शिकून. सकाळपासून संध्याकाळपर्यंत तो एकटा न्याय करत बसायचा. इथ्रोने सांगितलं की असाच राहिलास तर तूही झिजशील आणि लोकही. मग हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर, दहांवर नायक नेमले. दहा माणसांची जबाबदारी घेणारा एक माणूस! मोठं काम शेवटी इतक्या लहान मापात येतं.

दुसरं म्हणजे नियमशास्त्र. सीनाय डोंगरावरून आलेल्या आज्ञांत शब्बाथ आहे आणि अनुवादात त्याचं कारण दिलंय, की तुम्ही गुलाम होता हे आठवा. म्हणून दास, दासी, बैल, गाढव, सगळ्यांना सुट्टी. अनुवाद १५ मध्ये तर सातव्या वर्षी कर्ज सोडून द्यायचं आहे आणि इब्री दासाला मोकळं करायचं आहे. मोकळं करताना रिकाम्या हाताने पाठवायचं नाही. कळपातलं, खळ्यातलं, द्राक्षकुंडातलं उदारपणे द्यायचं. मिसरातून निघतानाचा धडा मोशेने कायद्यात घातला.

वेल्ह्याच्या पश्चिमेला मढे घाट उतरला की कोकण लागतं. त्या कोकणात बेने इस्राएल लोक पिढ्यान्‌पिढ्या तेलाचे घाणे चालवत. शास्त्राच्या गुंडाळ्या त्यांच्याजवळ राहिल्या नव्हत्या, पण शनिवारी घाणा बंद ठेवायचं ते विसरले नाहीत. गावकरी त्यांना शनवार तेली म्हणायचे. मोशेची आज्ञा आपल्या सह्याद्रीच्या पायथ्याशी अशी जिवंत राहिली.

आणि आपल्याच पुणे जिल्ह्यात केडगावला पंडिता रमाबाईंनी काय केलं ते आठवा. स्वतः १८७० च्या दशकातल्या दुष्काळात आई-वडील गमावलेल्या रमाबाई १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी मुली-बायकांना घेऊन आल्या. पुढे त्या जागेचं नाव झालं मुक्ती. तिथे त्यांना शेती, विणकाम, छपाई शिकवली. तेव्हा कुठे मुक्ती पुरी झाली. मोशेची पुस्तकं मुळातून वाचता यावीत म्हणून रमाबाई हिब्रू शिकल्या आणि १९२२ साली जाण्याआधी संपूर्ण पवित्र शास्त्राचं मराठी भाषांतर त्यांनी पुरं केलं.

मोशेचा शेवट मला आज फार जवळचा वाटला. कनान बघायला पाठवलेल्या बारा हेरांपैकी दहांनी भीती घातली आणि लोक परत मिसरात जायला निघाले. एकदा तर ओझं इतकं झालं की मोशेने देवाकडे मरण मागितलं. देवाने त्याला सत्तर वडील सोबतीला दिले. मिर्याम गेली, अहरोन गेला. मरीबाला त्याने रागाच्या भरात खडकाला दोनदा काठी मारली आणि त्यामुळे त्याचा वचनदत्त देशात जायचा हक्क गेला. तरुणपणीचा तो राग एकशे वीस वर्षांच्या आयुष्यातही पूर्ण गेला नव्हता! पण आपण आत जाणार नाही हे कळल्यावर त्याने काय मागितलं? लोक मेंढपाळाविना मेंढरांसारखे होऊ नयेत, म्हणून कोणीतरी नेमावा एवढंच. यहोशवावर हात ठेवला, नबो डोंगरावर चढला, पलीकडचा देश डोळ्यांनी पाहिला आणि तिथेच गेला. त्याची कबर कुठे आहे कोणालाच माहीत नाही.

आता आजचं सांगतो. भोरला आमच्या ओळखीचे एक काका आहेत, निवृत्त शिक्षक. बारा वर्षं ते त्या वाड्यांवर जातात. कोणाचा जातीचा दाखला, कोणाचं रेशनकार्ड, कोणाचं रोजगार हमीचं जॉबकार्ड. काकूंनी बायकांचा बचत गट सुरू केलाय, आठवड्याला वीस रुपये. त्यांचा एकही व्हिडिओ नाही. त्यांनीच परवा फोन करून सांगितलं की मुकादम यायचे दिवस आलेत, तू ये आणि फक्त हिशेब लिहायला बस.

वाडीवर मावशींनी मला ओळखलं. बराच वेळ बोलल्या नाहीत. मी माफी मागितली. त्यांनी मान हलवली आणि कोरा चहा पुढे केला. मग त्यांच्या मुलीच्या वहीत आम्ही दोन वर्षांच्या विटा, खर्ची, उचल ओळीने लिहिली. मुलगी आश्रमशाळेत सातवीला आहे, बेरीज तिनेच केली. त्यांनी या वर्षी उचल घेऊच नये असं मला फार वाटत होतं. पण तसं झालं नाही. गटातून तीन हजार मिळाले, तरी पाच हजार उचल लागणारच आहे. वीसचे पाच झाले. मुलगी या वेळी भट्टीवर जाणार नाही, आणि वही घरात राहील. दोन वर्षांपूर्वीचा मी याला हार म्हणालो असतो.

हे शेवटचं भोरच्या एसटी स्टँडवर लिहितोय. पुण्याची गाडी अजून लागलेली नाही, पाऊस चालूच आहे.

आजसाठी विचार : तुम्ही एखाद्यासाठी धावलात, ते उलटलं आणि तुम्ही लांब झालात, असं कोणी आहे का? आज त्यांना फोन करा. सल्ला देऊ नका, व्हिडिओ काढू नका. त्यांच्या घरातला डबा भरलेला आहे का एवढं विचारा, आणि पुढच्या महिन्यात परत विचारा.

प्रार्थना : हे प्रभू, तू दुःख पाहतोस आणि ओरडणं ऐकतोस. माझ्या घाईने ज्यांचं नुकसान झालं त्यांची भरपाई तू कर, आणि त्यात माझे हात वाप. ज्यांचं मन कष्टाने खचलंय त्यांच्यावर रागावण्यापासून मला वाचव. मला हळू चालायला शिकव. येशूच्या नावाने मागतो, आमेन.